अण्णांबरोबर गंगेवर

पहिला दिवस, रविवार

नाशिकला जायचं तर वाटेत सिन्नरला उतरायचंच, असं अण्णांनी निघायच्या आधीच बजावून ठेवलं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. वय बहात्तर. चाळीसहून जास्त वर्षं गवंडीकाम केलं. सुरुवात आजोबांच्या हाताखाली दगडाच्या बांधकामाने झाली, पुढे विटा आल्या, मग आरसीसी आलं आणि अण्णांची निम्मी हयात स्लॅब टाकण्यात गेली. कधीतरी एका साईटवर सिन्नरचा एक मजूर त्यांना म्हणाला होता, ‘मिस्त्री, आमच्या गावात चुन्याचा कण नसलेलं देऊळ उभं आहे.’ ते त्यांच्या डोक्यात तीस वर्षं राहिलं. देवदर्शनाला म्हणून निघालो खरं, पण अण्णांच्या पिशवीत तुळशीची माळ आणि हरिपाठ होता तसा एक ओळंबाही होता, भिंत सरळ उभी आहे का ते पाहायचं दोरीला बांधलेलं वजन. मी तो पाहिला आणि काही बोलले नाही.

नारायणगावच्या स्टँडवर सकाळी सातला गाडी मिळाली. दिवाळी होऊन गेली होती, हवेत गारठा होता. आळेफाटा, बोटा, चंदनापुरीचा घाट, संगमनेर. अण्णा खिडकीशी बसून हरिपाठ म्हणत होते आणि मी पेंगत होते.

सिन्नरचा गोंदेश्वर गावाच्या कडेला आहे. मोकळं आवार, मधोमध उंच जोतं आणि त्यावर मोठं शिवमंदिर, चार कोपऱ्यांत चार लहान देवळं. हे पंचायतन आहे: मधे महादेव, कोपऱ्यांना विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य. समोर नंदीचा मंडप. सिन्नर ही यादवांची सुरुवातीच्या काळातली राजधानी. देवगिरी पुढची. देऊळ अकराव्या-बाराव्या शतकातलं मानतात. सगळे याला हेमाडपंती म्हणतात, मीही म्हणत आले. पण हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, म्हणजे हे देऊळ उभं राहिलं तेव्हा तो जन्मलाही नव्हता. ज्यांनी हे बांधलं त्यांचं श्रेय नंतरच्या एका प्रधानाच्या नावावर जमा झालंय, हे मला नीट वाटत नाही.

अण्णा आत गेलेच नाहीत. आधी बाहेरून देवळाला पूर्ण फेरी घातली, एक हात भिंतीवर ठेवून. मग खाली उकिडवे बसले आणि दोन चिऱ्यांच्या मधल्या सांध्यात अंगठ्याचं नख घालून पाहिलं. बऱ्याच ठिकाणी नख जात नव्हतं. दुसऱ्या फेरीत ते थांबून थांबून मला दाखवत होते. खालचा थर रुंद, वरचा त्याहून आत, मधे खाच घेऊन दगडात दगड बसवलेला. सगळा भार सरळ खाली उतरतो, त्यामुळे चिकटवायला काही लागत नाही. ‘माल असला की गवंड्याला चूक लपवता येते,’ ते म्हणाले, ‘इथं चूक लपवायला जागाच नाही बघ.’

शिखर पाहतही ते बराच वेळ थांबले. भूमिज पद्धतीचं शिखर आहे: चार बाजूंनी चार पट्टे कळसापर्यंत चढत जातात आणि त्यांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक, वर जाताना आकाराने कमी होत जाणाऱ्या. लांबून ती नक्षी वाटते. अण्णांनी त्या ओळी बोटाने मोजल्या आणि सांगितलं की प्रत्येक ओळीचं माप खालच्यापेक्षा ठरावीक प्रमाणात कमी आहे, हे जमिनीवर आखल्याशिवाय होत नाही. ‘आधी जमिनीवर अख्खं देऊळ आडवं मांडलं असणार यांनी.’

आत सभामंडपात थंडगार अंधार होता. छताकडे पाहिलं. कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकून चौकोन लहान करत नेलेला. अण्णांनी पिंडीपुढे डोकं टेकलं. उठल्यावर ओळंबा काढला आणि एका खांबाला लावला. दोरी खांबाला समांतर स्थिर झाली तेव्हा त्यांनी जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. त्यांनी खांबालाही नमस्कार केला.

दुपारी जेवून नाशिक गाठलं. पंचवटीतल्या एका धर्मशाळेत सामान टाकलं आणि रिक्षा केली. रिक्षावाल्याने विचारलं, ‘गंगेवर सोडू ना?’ अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. नाशिकमध्ये गोदावरीला गोदावरी फक्त कागदावर म्हणतात. माणसं गंगेवर जातात, गंगेला पूर येतो, बुधवारचा बाजार गंगेवर भरतो. पुराचं मापही सेंटिमीटरमध्ये नसतं. नदीपात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावरून अख्खं शहर पुराचा अंदाज घेतं. आम्ही गेलो तेव्हा पाणी त्याच्या पायांपासूनही दूर होतं.

घाटावर नारोशंकराच्या देवळाच्या तटावर मोठी घंटा टांगलेली आहे. हे रामेश्वराचं देऊळ, १७४७ साली सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधलेलं. घंटा पोर्तुगीजांकडून आलेली, वसईच्या विजयाची खूण. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि त्या ठिकठिकाणच्या देवळांत लागल्या. संध्याकाळी रामकुंडावर गोदेची आरती झाली. आरती मोठी होती, दिवे पाण्यात सुंदर दिसत होते. अण्णांचं लक्ष मात्र कुंडाच्या तळाकडे होतं. ‘हे खाली काय टाकलंय गं?’ मी म्हटलं, उद्या दिवसा पाहू.

दुसरा दिवस, सोमवार

सोमवारी त्र्यंबकेश्वरला गर्दी असणार हे माहीत होतं, तरी सोमवारच धरला, कारण पालखी. पहाटेची पहिली एसटी घेतली. नाशिकपासून अठ्ठावीस-तीस किलोमीटर. अंजनेरीचा डोंगर ओलांडला की समोर ब्रह्मगिरीची काळी भिंत उभी राहते आणि मग गाव दिसतं, डोंगराच्या कुशीत.

आम्ही आधी देवळात गेलो नाही. अण्णा वारकरी, त्र्यंबकला आल्यावर पहिलं डोकं निवृत्तिनाथांच्या समाधीवर. मी त्यांना तिथे बसवून गंगाद्वाराच्या पायऱ्या चढायला लागले. साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत. वर कड्याच्या पोटात लहानसं देऊळ आणि गोमुखातून ठिबकणारं पाणी. गोदावरी म्हणून मी जे पाहिलं ते एवढंच, दोन बोटं जाडीची धार. हीच नदी पुढे चौदाशे पासष्ट किलोमीटर जाते आणि आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. ओंजळ भरायला वेळ लागला. जवळच गोरक्षनाथांची गुहा आहे, दगडात कोरलेल्या एकशे आठ लिंगांची. गावाकडे पाहत थोडा वेळ बसले.

या डोंगरात निवृत्तिनाथांची गोष्ट घडली. विठ्ठलपंत बायकोमुलांना घेऊन ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत होते, रानात वाघ आला, पळापळीत थोरला निवृत्ती चुकला आणि एका गुहेत शिरला. तिथे गहिनीनाथ बसले होते. त्यांनी त्याला उपदेश दिला, त्याने तो धाकट्या ज्ञानदेवाला दिला, आणि ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीत ठिकठिकाणी स्वतःला निवृत्तीचा दास म्हणवून घेतलं. आदिनाथ, मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव. अण्णांच्या तोंडून ही माळ मी लहानपणापासून ऐकते आहे. ती कुठल्या डोंगरात ओवली गेली ते पहिल्यांदा पाहत होते.

खाली आले तेव्हा अण्णा समाधीसमोर तसेच बसलेले. हरिपाठाचं पुस्तक मिटलेलं, मांडीवर. निवृत्तिनाथ चौघांत थोरले. ज्ञानदेव आळंदीला गेले, सोपानदेव सासवडला, मुक्ताई तापीच्या काठी; तिघांना पोचवून १२९७ मध्ये ते शेवटी इथे येऊन बसले. आमच्या घरात अण्णा थोरले. माझे दोन्ही काका गेल्या चार वर्षांत गेले. मी शेजारी बसले. ‘थोरल्याला शेवटी राहावं लागतं,’ एवढंच ते म्हणाले, आणि उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला.

मग रांग. साडेतीन तास. त्यातल्या धक्काबुक्कीबद्दल लिहीत नाही. ज्याला श्रद्धा आहे त्याला ती सोसते आणि ज्याला सोसत नाही त्याने मंगळवारी-बुधवारी जावं. रांगेत एक फायदा झाला. अण्णांना देऊळ सावकाश पाहता आलं. नानासाहेब पेशव्यांनी जुन्या देवळाच्या जागी हे काळ्या पाषाणाचं काम सुरू केलं ते १७५५ मध्ये, पुरं झालं १७८६ मध्ये. मी हिशोब सांगितला, एकतीस वर्षं. अण्णा म्हणाले, ‘म्हणजे ज्यानं जोतं बांधलं त्यानं कळस पाहिला नसंल. पाहिला तर म्हातारपणी, पोराच्या आधारानं.’ खुद्द नानासाहेबही १७६१ मध्ये पानिपतानंतर काही महिन्यांतच गेले. ज्याने काम काढलं आणि ज्याने पहिला चिरा बसवला, दोघांचं सारखंच झालं.

गाभाऱ्यात खाली उतरू देत नाहीत. उंबऱ्यापाशी क्षणभर उभं राहायचं, वर आरसा लावलाय त्यात पाहायचं. इथे पिंडी वर आलेली नाही. शाळुंकेत खोलगट जागा आहे आणि त्यात अंगठ्याएवढे तीन उंचवटे, ब्रह्मा, विष्णू, महेश. मला आरशात पाणी चमकलेलं दिसलं, बेलाचं पान दिसलं, तेवढ्यात पुढे सरका म्हणून हाकारा झाला. अण्णांना काय दिसलं ते विचारलं नाही. बाहेर आल्यावर त्यांचे डोळे ओले होते.

याच देवाच्या खजिन्यात एकेकाळी ‘नासक’ नावाचा हिरा होता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा तो इंग्रजांच्या हाती लागला आणि समुद्रापार गेला तो गेलाच. अण्णांना हे सांगितल्यावर ते भिंतीवर हात ठेवून म्हणाले, ‘नेऊ दे. हे नाही नेता आलं.’

दुपारी पालखी निघाली. देवाचा पाच मुखांचा मुखवटा पालखीत बसवून वाजतगाजत कुशावर्तावर नेतात, स्नान घालतात आणि परत आणतात, दर सोमवारी. आम्ही कुशावर्ताच्या ओवरीत आधीच जागा धरून बसलो होतो. चारी बाजूंनी दगडी कमानींच्या ओवऱ्या, मधे पायऱ्या उतरत जाणारं कुंड. शेजारच्या आजींनी गौतम ऋषींची गोष्ट सांगितली. त्या दर महिन्याला पेठ तालुक्यातून येतात म्हणे. गौतमांच्या शेतात गाय शिरली, त्यांनी दर्भाच्या काडीने हाकलली तर ती मेलीच. गोहत्येचं पाप फेडायला त्यांनी शंकराची आराधना केली आणि गंगा मागितली. शंकराने ब्रह्मगिरीवर जटा आपटून गंगा उतरवली. पण गंगा थांबेना. डोंगरावर दिसे, गुप्त होई, गंगाद्वारी दिसे, पुन्हा गुप्त होई. शेवटी गौतमांनी कुश गवताने तिला वेढा घातला, ते कुशावर्त. ‘लपाछपी खेळती ती,’ आजी म्हणाल्या. सकाळी पाहिलेली दोन बोटांची धार मला आठवली. ती धार खालच्या दगडांत मुरताना मी डोळ्यांनी पाहिली होती.

पालखी परत गेल्यावर स्टँडकडे निघालो. वाटेत अण्णांनी विचारलं, ‘नदी कुठाय? कुंडातून पुढं जाते म्हणता ना, मग गावात दिसंना कशी?’ मी एका दुकानदाराला विचारलं. त्याने खाली बोट दाखवलं. आम्ही तिच्यावरच उभे होतो. त्र्यंबक गावात नदीचा प्रवाह ठिकठिकाणी काँक्रीटने झाकलेला आहे. वरून रस्ता, दुकानं, माणसं. पात्र उघडं करावं म्हणून नाशिक-त्र्यंबकची नदीवर जीव असलेली माणसं वर्षानुवर्षं भांडत आहेत, अर्ज करत आहेत, न्यायाधिकरणापर्यंत गेली आहेत.

अण्णा तिथेच कडेला बसले. मी पाणी दिलं. त्यांनी चपलेची टाच एकदा खाली आपटली, आवाज ऐकला आणि म्हणाले, ‘सहा इंची तरी असंल.’ मग बराच वेळाने: ‘मी हजारभर स्लॅब टाकले असतील बाई. घरावर टाकले, शाळांवर टाकले. लोकांच्या डोक्यावर छप्पर आलं. पण नदीवर टाक म्हणाला असता कोणी, तर मी मजुरी सोडली असती.’ मला ते पूर्ण पटलं, आजही पटतं. ज्या पाण्यासाठी आपण अनवाणी रांगेत उभे राहतो त्याच पाण्यावर गाडी उभी करायची, हे एका गावाने, एका समाजाने कसं खपवून घेतलं? २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आला आहे. शैव आखाडे इथे कुशावर्तात नाहतील, वैष्णव आखाडे रामकुंडावर. लाखो लोक पाण्यासाठीच येणार. मग आधी पाण्याचा विचार व्हायला नको का?

परतीच्या गाडीत अण्णा एक शब्द बोलले नाहीत.

तिसरा दिवस, मंगळवार

सकाळी सहालाच रामकुंडावर. रविवारच्या आरतीची रोषणाई नव्हती, धुकं होतं. पायऱ्यांवर जागोजागी कुटुंबं बसलेली, मुंडण केलेले मुलगे, तांबड्या फडक्यात बांधलेल्या अस्थी, हलक्या आवाजातला संकल्प. इथल्या पाण्यात अस्थी विरतात अशी श्रद्धा आहे. धाकट्या काकांच्या अस्थी अण्णांनी इथेच आणल्या होत्या; मी तेव्हा आले नव्हते. कुठल्या पायरीवर बसले होते ते त्यांनी दाखवलं. आम्ही तिथे दोघांनी पाण्यात हात घातला.

परवाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. इथेही तळात काँक्रीट आहे. घाटावर फुलं विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं, त्यांच्या लहानपणी कुंडाच्या तळातून झरे फुटायचे, उन्हाळ्यातही पाय गार व्हायचे. ते झरे आणि जुनी कुंडं मोकळी करावीत ही मागणी नाशिककर कधीपासून करत आहेत. अण्णांनी यावर फक्त धंद्याचं उत्तर दिलं: काँक्रीट फोडता येतं, वेळ लागतो, पण येतं. हे ते असं म्हणाले की उद्या कोणी बोलावलं तर हातोडा घेऊन निघतील.

समोर पायऱ्या चढून कपालेश्वर. या शंकरापुढे नंदी नाही. ब्रह्महत्येच्या पापातून सुटायचा मार्ग नंदीने दाखवला, म्हणून शंकराने त्याला गुरू मानलं आणि गुरूला आपल्यापुढे बसवायचं कसं, म्हणून जागा रिकामी ठेवली. निवृत्ती-ज्ञानदेव कालच मनात असल्याने ती मोकळी जागा मला फार आवडली. सीतागुंफा आम्ही बाहेरूनच पाहिली. आतली वाट इतकी चिंचोळी आहे की अण्णांच्या गुडघ्यांना झेपली नसती. पाच वडांना नमस्कार केला.

काळारामाला मात्र दोन तास गेले. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी बांधलेलं देऊळ. दगड रामशेजच्या डोंगरातला, दोन हजार माणसं बारा वर्षं राबली असं सांगतात. मोठं फरसबंद आवार, भोवती ओवऱ्या, स्वतंत्र सभामंडप आणि मधे काळ्याभोर दगडातलं देऊळ. आत राम, सीता, लक्ष्मण, तिघेही काळे. गोंदेश्वराच्या मानाने नक्षी थोडी, पण दगडाची घडाई अशी की कडा आजही बोटाला लागते.

दर्शन घेऊन आम्ही ओवरीत बसलो आणि मी अण्णांना १९३० सांगितलं. त्यांना सत्याग्रह ऐकून माहीत होता, पण तो या देवळाचा हे डोक्यात नव्हतं. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं, बायकाही, मिरवणुकीने या दारांशी आली. दारं बंद केली गेली. माणसं दारांपुढे बसून राहिली. दादासाहेब गायकवाडांनी ती लढाई नाशिकमध्ये नेटाने चालवली. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून सत्याग्रहींवर दगडफेक झाली. जवळजवळ पाच वर्षं हे चाललं आणि दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही.

अण्णा ऐकत होते. त्यांच्या पंढरीचं दारही साने गुरुजींनी प्राण पणाला लावले तेव्हा १९४७ मध्ये उघडलं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. ते दर वर्षी वारीत त्याबद्दल बोलतात. ते उठले, पूर्वेच्या दरवाज्याशी गेले, चौकटीच्या दगडावर हात ठेवून उभे राहिले. येणारे जाणारे त्यांना वळसा घालून जात होते. परत आले तेव्हा म्हणाले, ‘दगड डोक्यावर वाहून आणणाऱ्यांत कोण कोण असंल गं? त्यातल्या किती जणांच्या नातवांना दारात बसवलं यांनी?’ मला उत्तर देता आलं नाही. एवढ्या देखण्या देवळात बसून घशात आवंढा यावा, याचं मला वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं.

दुपारी भांडी बाजारात आईसाठी तांब्याचा तांब्या घेतला, मिसळ खाल्ली, चिवडा बांधून घेतला. अण्णांनी तांब्या कानाशी धरून टिचकी मारली, आवाज पसंत पडला तेव्हाच पैसे दिले.

गाडीला वेळ होता. स्टँडवर बसल्या बसल्या अण्णांनी शेजारच्या माणसाला विचारलं, ‘दादा, रामशेज कुठं आलं?’ तो म्हणाला, दिंडोरीच्या अंगाला, पंधराएक किलोमीटर, किल्ला आहे, चढायला फार नाही. अण्णांनी पिशवीतला ओळंबा वर काढला, दोरी पुन्हा नीट गुंडाळली आणि कप्प्यात ठेवली.

‘पुढच्या खेपेला तिकडं जाऊ,’ ते मला म्हणाले. ‘खाण बघायची राहिली.’